हिटलर आधीच मेला असता तर? आधी तारीख सांगा

ऐरोलीच्या एका पालकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी नववीत आहे. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेचा विषय आहे, ‘हिटलर वेळीच मारला गेला असता तर जगाचा इतिहास बदलला असता’, आणि तिच्या वाट्याला प्रतिकूल बाजू आली आहे. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘तो नसता तर दुसरा कोणीतरी आलाच असता, एवढं वाक्य बास आहे.’ पालक विचारतात, खरंच बास आहे का?

मी ठाण्यात ३१ वर्षं अकरावी-बारावीला इतिहास शिकवला. हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचंच, बहुतेक वेळा मागच्या बाकावरून, आणि मला तो दर वेळी आवडायचा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते वाक्य बास नाही. ते निम्मं खरं आहे, आणि कोणतं निम्मं खरं ते तुम्ही कोणती तारीख धरता त्यावर ठरतं. ‘वेळीच’ म्हणजे कधी? १९२३ मध्ये? १९३२ मध्ये? १९३९ मध्ये की १९४४ मध्ये? दर तारखेला उत्तर वेगळं येतं. शिवाय काय टळायला हवं होतं, हेही ठरवावं लागतं. जर्मनीतली हुकूमशाही, दुसरं महायुद्ध आणि ६० लाख ज्यूंचा संहार या तीन गोष्टी आपण बोलताना एका श्वासात बोलतो, पण त्यांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर गेलेली आहेत. एक उपटली म्हणून बाकीच्या निघतीलच असं नाही.

‘इतिहासात जर-तरला जागा नाही’ असं कोणीतरी तिला सांगेल. मला ते कधीच पटलं नाही. अमक्यामुळे तमकं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा अमकं नसतं तर तमकं झालं नसतं हे आपण म्हणालेलोच असतो. जर-तर टाळायचं म्हटलं तर कारणं सांगणंच सोडून द्यावं लागेल. फक्त ते शिस्तीत करायला हवं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिच्यामागे काय काय हलतं ते धीराने बघायचं.

वर्गात हे समजावायला मी जांभळी नाक्यावरून सुतळीचा गुंडा आणायचे. दहा-बारा मुलांना गोलात उभं करायचं, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. व्हर्सायचा तह, बेकारी, लष्कर, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग, ज्यूद्वेष, हिटलर, पोलंडवरचा हल्ला, रशियावरचा हल्ला, ज्यूंचा संहार. मग मुलांनी आपसात वाद घालून ठरवायचं की कोणाची सुतळी कोणाकडे जाते. यातच दोन तास जायचे. शेवटी हिटलरची चिठ्ठी असलेल्या मुलाला सांगायचं, हातातल्या सगळ्या सुतळ्या सोड.

एका वर्षी बेकारीची चिठ्ठी धरलेली मुलगी लगेच म्हणाली, ‘मॅडम, माझी तर ताठच आहे.’ तिच्या सुतळ्या लष्कराकडे, हिंडेनबुर्गकडे, व्हर्सायकडे गेल्या होत्या. हिटलरकडे एकच होती. आणि तिच्या समोर संहाराची चिठ्ठी धरलेला मुलगा पायांशी बघत उभा. त्याच्या बहुतेक सुतळ्या फरशीवर पडल्या होत्या. वर्गात कोणी काही बोललं नाही. सुतळ्या बांधल्या मुलांनीच होत्या, तेव्हा ही काही सिद्धता झाली नाही. पण कोणत्या गोष्टी बऱ्याच हातांत होत्या आणि कोणत्या एका हाताला लटकल्या होत्या, हा प्रश्न त्या दिवशी त्यांना डोळ्यांनी दिसला.

माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. काही सत्ता खुर्चीवर चालतात, काही माणसावर. खुर्चीवर चालणाऱ्या सत्तेतला माणूस मारला तर दुसऱ्या दिवशी खुर्ची भरते. माणसावर चालणाऱ्या सत्तेतला माणूस गेला तर पुष्कळ काही कोसळतं. आणि एकच राजवट वर्षागणिक एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सरकत जाते, म्हणून तारीख महत्त्वाची.

खुर्चीवर चालणारी सत्ता कशी असते, ते बघायला ठाणेकरांना लांब जायला नको. कोर्ट नाक्याजवळचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना ठाण्याचा किल्ला. १९ एप्रिल १९१० रोजी तिथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या होत्या. मुलगा जेमतेम अठराचा. मी दर वर्षी वर्गाला त्या भिंतीच्या कडेने चालवत न्यायचे आणि तिथे आम्ही थोडा वेळ गप्प उभे राहायचो. त्या तिघांच्या धैर्यापुढे मान लवते, आणि त्या धैर्याने पुढे कितीतरी मनं पेटवली. पण राज्ययंत्र म्हणून बघाल तर नाशिकला दुसरा कलेक्टर आला, सारा वसूल होत राहिला, कोर्टं चालत राहिली. आधी रँडच्या वेळी, १८९७ मध्ये पुण्यातही तेच झालं होतं. ब्रिटिश राज्य हे खुर्च्यांचं राज्य होतं. एक माणूस गेल्याने ते कोसळणार नव्हतं, आणि ते हलवायला पुढे लाखो माणसांना रस्त्यावर यावं लागलं.

याच किल्ल्याची आणखी एक गोष्ट मुलीला सांगा. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणराव हुकूमशहा नव्हते, वयाने मूलच होते, पण खुनानंतर जागा रिकामी झाली की काय होतं ते इथे स्वच्छ दिसतं. राघोबादादांना पेशवाई हवी होती. बारभाईंनी ती टिकू दिली नाही, तेव्हा दादा इंग्रजांच्या दाराशी गेले. आणि १७७४ च्या डिसेंबरात मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. शनिवारवाड्यात वार करणाऱ्या गारद्यांच्या मनात ठाणं होतं का? साष्टी होती का? रिकाम्या जागेत शेवटी कोण शिरेल हे वार करणाऱ्याच्या हाती उरत नाही, आणि प्रतिकूल बाजूने बोलताना हा मुद्दा हिटलरच्या नावावरही नीट लावता येतो.

आता तारखांकडे येऊ.

पहिली तारीख ९ नोव्हेंबर १९२३, म्युनिक. बंड करून सत्ता घ्यायला निघालेले हिटलर आणि त्याचे लोक हातात हात अडकवून रस्त्याने चालले होते. पोलिसांनी गोळीबार केला. हिटलरच्या हातात हात अडकवलेला शॉयबनर-रिश्टर जागीच ठार झाला आणि पडताना त्याने हिटलरला खाली ओढलं, त्यात हिटलरचा खांदा निखळला. गोळी जराशी बाजूने गेली असती तर? तेव्हा त्याचा पक्ष बव्हेरियातल्या अनेक उजव्या टोळक्यांपैकी एक होता. पुढे १९२८ च्या निवडणुकीतसुद्धा त्याला फक्त २.६ टक्के मतं पडली. १९२३ ला तो मेला असता तर नात्सी पक्ष त्या रूपात उभा राहिला नसता, असं मला वाटतं.

पण जर्मनी लोकशाही राहिली असती का? इथे घरच्यांचं वाक्य बरंच खरं आहे. पहिल्या महायुद्धानंतर लादलेल्या व्हर्सायच्या तहाची बोच, १९२३ ची चलनवाढ, १९२९ नंतरची मंदी आणि ६० लाखांच्या घरात गेलेली बेकारी, यांतलं काही हिटलरने निर्माण केलं नव्हतं. १९३० पासून चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, ब्रुनिंगचं सरकार संसदेला बाजूला ठेवून हिंडेनबुर्गच्या वटहुकुमांवर चालत होतं, तेही हिटलर सत्तेत नसताना. लष्कराला शस्त्रं वाढवायची होती आणि पोलंडची सीमा बदलायची होती. म्हणजे हिटलर वजा केला तरी एखादी लष्करी हुकूमशाही आणि पूर्वेला एखादा सीमायुद्धाचा भडका शक्य होता. वर्गातल्या मुलीची ताठ राहिलेली सुतळी ती हीच.

दुसरी तारीख डिसेंबर १९३२. हिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. जुलै १९३२ मध्ये नात्सी पक्षाला ३७.३ टक्के मतं होती, नोव्हेंबरात ती ३३.१ वर आली. पैशांची चणचण होती आणि ८ डिसेंबरला पक्षातला दुसऱ्या क्रमांकाचा नेता ग्रेगोर श्ट्रासर याने पदं सोडली. पक्षाला ओहोटी लागली होती. तेव्हा हिटलर गेला असता तर पक्ष फुटला असता अशी दाट शक्यता. पण त्या महिन्यात त्याला मारावं असं कोणाला का वाटावं? मावळता पुढारी वाटत होता तो. पुढच्या महिन्यात माजी चॅन्सेलर फॉन पापेनने म्हाताऱ्या हिंडेनबुर्गची समजूत घातली आणि ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. ‘वेळीच’ या शब्दातली अडचण इथे कळते. मारणं ज्या दिवशी सर्वांत उपयोगी पडलं असतं, त्या दिवशी ते कोणाला ठाऊक नसतं. ज्या दिवशी सर्वांना ठाऊक होतं, त्या दिवशी बराच उशीर झालेला असतो.

त्यानंतर राजवट खुर्चीवरून माणसावर सरकली. २ ऑगस्ट १९३४ ला हिंडेनबुर्ग वारला आणि त्याच दिवशी सैनिकांनी शपथ घेतली ती देशाच्या किंवा राज्यघटनेच्या नावाने नव्हे, हिटलरच्या नावाने. मंत्रिमंडळाची शेवटची बैठक फेब्रुवारी १९३८ मध्ये झाली, पुढे कधी झालीच नाही. मोठे निर्णय एकाच डोक्यात होऊ लागले. आणि ते त्याला स्वतःलाही माहीत होतं. पोलंडवर हल्ला करण्याआधी, २२ ऑगस्ट १९३९ ला त्याने सेनापतींना बोलावून जे सांगितलं त्याची टिपणं उपलब्ध आहेत. सगळं आपल्या असण्यावर अवलंबून आहे, कोणी गुन्हेगार किंवा वेडा आपल्याला कधीही संपवू शकतो, म्हणून युद्ध आत्ताच व्हायला हवं, असा त्याचा युक्तिवाद होता. ‘दुसरा कोणीतरी आलाच असता’ हे हिटलरला स्वतःला मान्य नव्हतं. अनुकूल बाजूच्या हाती हा मोठा पुरावा आहे, समोरून तो येईल असं धरून चाला.

तिसरी तारीख ८ नोव्हेंबर १९३९. ही माझ्या मनात घर करून बसलेली आहे.

गेओर्ग एल्झर हा सुतार होता. चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देणाऱ्या म्युनिक करारानंतर, १९३८ च्या शरदात त्याने एकट्याने ठरवलं की युद्ध थांबवायचं असेल तर हा माणूस जायला हवा. हिटलर दर वर्षी ८ नोव्हेंबरला म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये भाषण करायचा. एल्झर १९३८ मध्ये जाऊन जागा बघून आला. खाणीत काम धरून त्याने सुरुंगाची दारू जमवली. मग १९३९ मध्ये तीसहून जास्त रात्री तो त्या हॉलमध्ये जेवायच्या निमित्ताने जायचा, बंद व्हायच्या वेळी लपायचा, आणि सगळे गेले की व्यासपीठामागच्या खांबाला आतून पोकळी करायचा. गुडघ्यांवर बसून काम, इतकं की गुडघ्यांना जखमा झाल्या. लाकडी आवरणाला त्याने असं दार केलं की बंद केल्यावर फट दिसू नये. पडलेला चुरा गोळा करून तो बाहेर न्यायचा. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून आतून बुचाचं अस्तर लावलं. आमच्याकडे फर्निचरचं काम चाललं होतं तेव्हा सुताराने दाराची फट कागद सरकवून तपासताना मी बघितली, आणि मला एल्झर आठवला. इतिहासाचा एवढा मोठा सांधा एका कारागिराच्या हातांत होता.

बॉम्बची वेळ त्याने ९ वाजून २० मिनिटांची लावली. त्या वर्षी हिटलरने भाषण लवकर सुरू केलं. धुक्यामुळे विमानाचा भरवसा नव्हता, रेल्वेने बर्लिनला परतायचं होतं. ९ वाजून ७ मिनिटांनी तो बाहेर पडला. १३ मिनिटांनी स्फोट झाला, खांब आणि छत खाली आलं, आठ जण गेले, त्यांत हॉलमध्ये वाढपाचं काम करणारी एक बाई होती. एल्झर तोवर स्वित्झर्लंडच्या सीमेवर, कोन्स्टान्समध्ये पकडला गेला होता, स्फोट व्हायच्याही आधी. चौकशीत त्याने सांगितलं की याहून मोठा रक्तपात टाळायचा होता. साडेपाच वर्षं त्याला कैदेत ठेवून, ९ एप्रिल १९४५ ला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली.

ती १३ मिनिटं नसती तर? वारस ठरलेला होता, हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग. १ सप्टेंबरला हिटलरने तसं जाहीरच केलं होतं. गोअरिंग काही भला माणूस नव्हता. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी दंगलीनंतर ज्यूंवरच १०० कोटी मार्कांचा दंड लादणारा तोच. पोलंड त्याने सोडला नसता, आणि तिथे हत्याकांड सुरू झालेलंच होतं. पण ब्रिटनशी युद्ध टाळायला तो ऑगस्टमध्ये स्वीडिश मध्यस्थाकरवी खटपट करत होता. आणि लष्कर? हिटलरने पश्चिमेवरच्या हल्ल्याची तारीख १२ नोव्हेंबर दिली होती, स्फोटानंतर चारच दिवसांनी. सेनापतींना तो हल्ला नको होता, सरसेनापती ब्राउखित्श तीनच दिवसांपूर्वी तसं सांगायला गेला आणि ओरडा खाऊन परत आला होता. हुकूम देणाराच गेल्यावर हे लोक मनाविरुद्ध फ्रान्सवर चालून गेले असते असं मला वाटत नाही. रशियावर जून १९४१ मध्ये तर नाहीच. आणि युरोपभरच्या ज्यूंना वेचून मारायचं यंत्र उभं राहिलं ते रशियावरच्या त्या युद्धाच्या पोटात. ज्यूद्वेष राहिला असता, छळ राहिला असता, माणसं मेली असती. ६० लाखांचा संहार त्या रूपात झाला असता का? माझं उत्तर, नाही. पुरावा देता येणार नाही, पण ३१ वर्षं सुतळ्या जोडून-सोडून मी याच ठिकाणी येऊन थांबते.

म्हणून तुमच्या मुलीला कळकळीने सांगते, संहाराबद्दल बोलताना ‘दुसऱ्या कोणीतरी केलंच असतं’ हे वाक्य वापरू नकोस. युद्धाबद्दल वाद घालता येतो, हुकूमशाहीबद्दल तर नक्कीच. पण संहार ठरवणारी माणसं होती, त्यांची नावं आहेत, तारखा आहेत. ‘होणारच होतं’ म्हटलं की ती सगळी माणसं मोकळी सुटतात, आणि एल्झरसारख्याच्या रात्री फुकट ठरतात.

चौथी तारीख सगळ्यांना ठाऊक आहे. २० जुलै १९४४, जर्मन लष्करातलाच अधिकारी श्टाउफेनबर्ग याने हिटलरच्या बैठकीत ठेवलेला बॉम्ब. दुपारी १२ वाजून ४२ मिनिटांनी स्फोट झाला. जाड लाकडी टेबलाच्या पायाआड बॅग सरकवली गेली होती, हिटलर वाचला. इथे मला बॉम्बपेक्षा पुढचे तीन तास महत्त्वाचे वाटतात. बर्लिनमधल्या साथीदारांनी सत्ता ताब्यात घ्यायचे हुकूम काढायला जवळपास चार वाजवले. मग प्रचारमंत्री गोबेल्सला अटक करायला गेलेल्या मेजर रेमरच्या हातात गोबेल्सने टेलिफोन दिला, पलीकडून हिटलरचा आवाज आला, आणि रेमर तिथल्या तिथे फिरला. एका आवाजाने बंड मोडलं, यावरून ती सत्ता किती त्या माणसावर उभी होती ते कळतं.

याच्याशेजारी मी वर्गात नेहमी प्रतापगड ठेवायचे. १० नोव्हेंबर १६५९. अफझलखान हा काही आदिलशाहीचा बादशहा नव्हता, सेनापती होता, आणि तो प्रसंग भेटीतला, खानाच्या दग्याला दिलेलं उत्तर. तुलना माणसांची नाही, तयारीची आहे. खान पडला तेव्हा इशारतीच्या तोफेची वाट बघत फौजा जावळीच्या रानात आधीच बसलेल्या होत्या. खानाची छावणी त्याच दिवशी मोडली आणि १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला. वधाने जे साधलं त्यातला मोठा वाटा त्या रानात दबा धरून बसलेल्यांचा होता. आणि तरीही आदिलशाही संपली नाही, पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला.

१९४४ ला बॉम्बने काम केलं असतं तर काय टळलं असतं? हंगेरीतल्या चार लाखांहून जास्त ज्यूंना जुलैच्या सुरुवातीपर्यंत आउश्वित्सच्या मृत्युछावणीत नेऊन झालं होतं. संहाराचा बहुतांश भाग उरकला होता. पण संपूर्ण युद्धात जे जर्मन सैनिक मेले, त्यांतले जवळजवळ निम्मे त्यानंतरच्या दहा महिन्यांत मेले. वॉर्सा बेचिराख व्हायचं होतं, ड्रेस्डेन जळायचं होतं, छावण्यांतल्या कैद्यांचे मृत्युमोर्चे निघायचे होते. लाखो जीव वाचले असते. प्रतिकूल बाजूचा इथला मुद्दा असा की मग जर्मन म्हणाले असते, ‘आम्ही हरत नव्हतो, घरभेद्यांनी घात केला.’ पहिल्या महायुद्धातल्या १९१८ च्या पराभवानंतर याच समजुतीवर हिटलर पोसला गेला. मुद्दा वजनदार आहे, मी तो कधीच झटकत नाही. तरी लाखो जिवांपेक्षा तो जड भरतो असं मला वाटत नाही.

आता दोन गोष्टी जर्मनीबाहेरच्या, थोडक्यात.

औरंगजेबाने हाच हिशेब आपल्यावर करून बघितला. ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांची हत्या केली, आता मराठे संपले अशी त्याची समजूत. महाराज हुकूमशहा नव्हते, मी इथे औरंगजेबाचा हिशेब तपासते आहे. राजाराम महाराज जिंजीला गेले, रामचंद्रपंत इकडे राहिले, संताजी-धनाजींनी मोगली फौजा हैराण केल्या, १७०० नंतर ताराराणींनी सूत्रं घेतली, आणि औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला इथेच मेला. स्वराज्य तोवर शेकडो हातांत गेलं होतं. खुर्ची नाही, माणूसही नाही, लोकांच्या मनात रुजलेली गोष्ट. तिला मारायचा उपाय बादशहाजवळ नव्हता.

दुसरी रशियाची. झार दुसरा अलेक्झांडर १८८१ मध्ये बॉम्बने मारला गेला, त्याच दिवशी सकाळी त्याने काही मर्यादित सुधारणांना संमती दिली होती. मुलगा तिसरा अलेक्झांडर गादीवर आला आणि त्याने सगळं आवळलं. १८८७ मध्ये या मुलालाही मारायचा कट झाला, फसला, फाशी गेलेल्यांत अलेक्झांडर उल्यानोव्ह नावाचा विद्यार्थी होता. त्याचा धाकटा भाऊ तेव्हा १७ वर्षांचा. पुढे जग त्याला लेनिन म्हणून ओळखू लागलं. आणि त्याच देशात ५ मार्च १९५३ ला स्टालिन अंथरुणात मेला, तर महिन्याच्या आत सुमारे १२ लाख कैद्यांना माफी जाहीर झाली, ज्यू डॉक्टरांवरचा बनावट खटला मागे घेतला गेला, जुलैत कोरियातलं युद्ध थांबलं. पक्षाची सत्ता मात्र १९९१ पर्यंत टिकली. माणसाला लटकलेलं गळून पडलं, खुर्चीला बांधलेलं राहिलं.

कोणी म्हणेल, या निवडक गोष्टी झाल्या, आकडे कुठे आहेत? बेंजामिन जोन्स आणि बेंजामिन ओल्केन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १८७५ ते २००४ मधले राष्ट्रप्रमुखांवरचे २९८ हल्ले तपासले, त्यांत ५९ जणांचा मृत्यू झाला होता. त्यांची युक्ती मला फार आवडली. हल्ला झाला पण गोळी चुकली आणि हल्ला झाला आणि गोळी लागली, यांत पुष्कळदा फरक नुसत्या नशिबाचा असतो, एल्झरच्या १३ मिनिटांसारखा. म्हणून दोन्ही गटांची तुलना करता येते. निष्कर्ष असा की हुकूमशहा मेला तर, हल्ला फसलेल्या देशांच्या मानाने, देश लोकशाहीकडे वळण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी जास्त. लोकशाही देशातला नेता मेला तर व्यवस्थेत असा फरक पडत नाही. आणि फसलेल्या हल्ल्यानंतर हुकूमशाही थोडी आणखी घट्ट होते. शंभरात तेरा, म्हणजे अनुकूल बाजूला ‘फरक पडतो’ म्हणता येईल आणि तुमच्या मुलीला ‘बहुतेक वेळा पडत नाही’ म्हणता येईल. दोघीही खरं बोलत असतील.

तिने भाषण कसं बांधावं? सुरुवातीलाच समोरच्या बाजूला विचारायचं, ‘वेळीच म्हणजे कोणत्या वर्षी?’ त्यांनी १९२३ म्हटलं तर बेकारी, व्हर्साय, हिंडेनबुर्गचे वटहुकूम आणि लष्कर. त्यांनी १९४४ म्हटलं तर तोवर काय काय होऊन गेलं होतं ते, आणि घरभेद्यांची दंतकथा. नारायणरावांपासून ठाण्याच्या किल्ल्यापर्यंतची गोष्ट दीड मिनिटात बसते आणि परीक्षकांना ती कानावरून गेलेली नसेल. संहाराचा विषय निघाला तर मान्य करायचं की तिथे त्या एका माणसाच्या असण्याने फरक पडला. मान्य केल्याने गुण जात नाहीत, मी बरीच वर्षं परीक्षक म्हणून बसले आहे.

सुतळीचा खेळ घरी चार-पाच जणांतही होतो, चिठ्ठ्या तिलाच लिहू द्या. ठाण्याला यायचं जमलं तर मराठी ग्रंथसंग्रहालयात दुसऱ्या महायुद्धावरची मराठी पुस्तकं चाळता येतील, आणि जाता जाता कारागृहाची भिंतही बघून होईल. स्पर्धा शनिवारी आहे म्हणता, तेव्हा निदान एक गोष्ट आजच करा. समोरून कोणीतरी एल्झरचं नाव घेणार, तर गोअरिंगवरचा मुद्दा तिच्याकडून दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या. तिथे तिला अडखळून चालणार नाही.